उषाजीजींचा शुक्रवार

शुक्रवार आला की मला बसवत नाही. एरवी मी बैठा माणूस, जिथे टेकलो तिथे टेकलो. पण शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की पायांत काहीतरी वळवळायला लागतं आणि मी उगीचच वाचनालयाकडे एक चक्कर मारून येतो. ही सवय मूळची माझी नव्हे. ती लावली उषा पागे यांनी. माळव्यातल्या धारमधली सगळी मराठी मंडळी त्यांना जीजी म्हणत. जीजी म्हणजे मोठी बहीण. त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंही त्यांना जीजीच म्हणत, कारण त्यांना धाकटं समजायची कोणाची छाती नव्हती.

जीजींना मी बसलेलं फार कमी पाहिलं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर येरझाऱ्या घालत. पंगतीला बसत, पण भाताची दुसरी फेरी आली की स्वतःच उठून तुपाची वाटी हातात घेत. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्या वर्गातली खुर्ची डस्टर ठेवायला होती, असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. एकाच खोलीत आम्ही दोघांनी इतके शुक्रवार कसे काढले, याचं माझ्या बायकोला आजही नवल वाटतं.

वाचनालय आमचं छोटं. पुढच्या दालनात मराठी पुस्तकं, ती सांभाळायचं काम माझं. वाचणारे कमी होत चालले होते. आमची मुलं हिंदी शाळांत शिकलेली, मराठी ओळ बोट ठेवून वाचतात आणि पान संपायच्या आत आईला विचारतात, ‘इसका मतलब क्या?’ तेव्हा समितीनं एका कार्यालयानं मोडीत काढलेले कॉम्प्युटर मागून आणले आणि मागच्या खोलीत मांडले. निदान पोरं येतील तरी. पोरं आली. सोबत फोटोकॉपीच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणले, आणि त्या पेन ड्राइव्हमधून नाही नाही ते आलं. वर्षभरात मशिनं अशी मंदावली की बटण दाबून माणसानं बाजारात जाऊन यावं. दुरुस्तीवाल्यानं एकदा पाहिलं आणि निकाल दिला, ‘भिया, ये कबाड़ है. बेच दो.’

जीजी नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि त्या वेळी पुस्तक परत करायला माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली.

‘चलती चीज़ को कबाड़ नहीं बोलते भिया,’ त्या म्हणाल्या. ‘सामान ज़्यादा भर दिया है इसमें, बस.’

त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपचं तेच निदान त्या आधी ऐकून आल्या होत्या. त्याचा राग इतका होता की इंटरनेटवर वाचून, चुकून, पुन्हा वाचून त्यांनी आतली जुनी यंत्रणा पुसून त्याच्यावर लिनक्स चढवलं होतं, त्यातलंही हलकं, जुन्या मशिनांना झेपेल असं. लिनक्स हे नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं एखादं खोकल्याचं औषध असावं. ‘हे बघ सुधाकर,’ त्या म्हणाल्या, ‘घर लहान असलं की सामान मोजकं ठेवायचं, दारं नीट लावायची आणि रोज केर काढायचा. यापलीकडे त्यात काही नाही.’ पंधरवड्यात सगळी मशिनं चालायला लागली. पळायला लागली असं म्हणणार नाही, पण आमच्याहून बरी चालत होती.

शुक्रवार हा वाचनालयाच्या सुट्टीचा दिवस, म्हणून तोच अपडेटचा. काही बिघडलंच तर कोणाचं अडायला नको. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे मला यावंच लागे. खिडकीशी एक सगळ्यांत जुनं मशीन होतं, त्याला जीजी म्हातारी म्हणत. अपडेट आधी एकट्या म्हातारीवर करायचं. मग तिच्यावर मराठी टाइप करून बघायचं, छापून बघायचं, नेट उघडून बघायचं, भाताचं शीत दाबून बघतात तसं. ती ठीक असली की मगच बाकीच्यांची पाळी. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी सरसर वर सरकायला लागल्या की जीजी खोलीत फिरायला लागत. वायर चाचपत, खिडकीची कडी घट्ट करत, पुढच्या दालनात जाऊन माझी पुस्तकं सरळ करत, मी सरळच लावलेली.

‘जीजी, बसा ना जरा. आपोआप होतंय ते.’

‘आपोआप होतंय म्हणूनच बघायला पाहिजे.’

मधेच मशीन थांबून विचारी, पुढे जाऊ का. त्या वाकून ओळ पुरती वाचत आणि मगच हो म्हणत. ‘आपली माणसं आधी हो म्हणतात आणि मग विचारतात काय होतं,’ हे मला उद्देशून असे. नको असलेलं काढून टाकत, जुन्या आवृत्त्यांचे साचलेले गठ्ठे साफ करत, टायपिंगला, फॉर्म भरायला येणाऱ्या मुलींच्या कामाच्या प्रती वेगळ्या डिस्कवर उतरवून घेत. येणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं होतं, त्यात काम करावं आणि जावं. मशिनात नवं काही घालायचं किंवा बदलायचं तर मुख्य पासवर्ड लागे, आणि तो फक्त जीजींना ठाऊक होता.

यावरूनच समितीच्या बैठकीत विषय निघाला. अध्यक्ष मुळेसाहेब, वीज खात्यातून निवृत्त झालेले, मुद्देसूद माणूस. म्हणाले, ‘जीजी, उद्या तुम्हाला काही झालं तर? एकाच माणसाजवळ किल्ली असणं बरोबर नाही.’

‘अगदी बरोबर बोललात,’ जीजी म्हणाल्या. ‘पण द्यायची कोणाला? चला आत.’

आम्ही सगळे मागच्या खोलीत गेलो. खोलीत आळीपाळीनं बसणाऱ्या आम्हा सभासदांची आपापली खाती होती, आपापल्या पासवर्डची. जीजींनी मुळेसाहेबांचं नाव निवडलं, काहीतरी टाइप केलं, खातं उघडलं. मग समितीतल्याच पोतनिसांचं उघडलं. मग माझं. एकामागून एक, उभ्या उभ्या, कोणाचं तुळजापूर, कोणाचं जेजुरी, कोणाचं कोल्हापूर. आम्ही सगळ्यांनी आपापलं कुलदैवत ठेवलं होतं. एकमेकांना न विचारता.

‘लग्नपत्रिकेच्या डोक्यावर छापतो आपण हे,’ जीजी म्हणाल्या. ‘गावात कोणाचं कुलदैवत कोणाला माहीत नाही?’

मुळेसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांची बायको मंजिरीवहिनी, त्याही समितीतल्याच, मात्र फणकारल्या. ‘त्या निमित्तानं रोज देवाचं नाव तरी लिहिलं जातं, जीजी. उसमें बुरा क्या है?’

‘पुण्य देवघरात कमव. इथे नको.’

पुढच्या आठवड्यात मंजिरीवहिनी मुद्दाम आल्या. पासवर्ड बदलला होता. पदर खोचून म्हणाल्या, ‘आता उघडून दाखवा.’ जीजींनी कपाळाला आठी घातली, एकदा खिडकीपर्यंत जाऊन आल्या आणि उघडून दाखवलं. वहिनींनी सासरचं दैवत काढून माहेरची देवी ठेवली होती. माहेर देवासचं, आणि जीजींचं माहेरही त्याच गल्लीतलं. नवरात्रात त्याच देवीचं पुरण जीजींनी लहानपणी खाल्लेलं. खोलीत हशा पिकला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. वहिनी तोंड फिरवून गेल्या त्या कित्येक महिने फिरकल्या नाहीत.

त्या आल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला. कार्यक्रम वाचनालयात, शुक्रवारीच, दालन रिकामं असतं म्हणून. मागच्या खोलीत म्हातारी उरकून जीजींनी बाकीच्या मशिनांवर अपडेट सुरू केलं होतं आणि नवा एक्स्टेन्शन बोर्ड आणायला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या होत्या. पुढे आंब्याची डाळ कमी पडली. वहिनी मिक्सर घेऊन मागे आल्या, भिंतीतल्या एका प्लगात मशिनांचा बोर्ड होता, तो त्यांनी उपसला आणि मिक्सर लावला. मी दाराशीच होतो. ओळी धावत असलेले पडदे एकदम काळे झाले आणि खोलीभर कैरीचा वास पसरला.

जीजी परत आल्या. पडदे पाहिले, मिक्सर पाहिला. मला वाटलं आता स्फोट होणार. दुसऱ्या दिवशी भरतीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, आसपासच्या खेड्यांतल्या मुली सकाळच्या बसनं यायच्या होत्या, आणि गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. बोर्ड पुन्हा लावला. म्हातारी उठली. बाकीची अर्ध्यावर येऊन काळीच राहिली.

वहिनी रेशमी साडीत, हातात डाळीची वाटी घेऊन दारात उभ्या. ‘जीजी, ये मेरे से हुआ क्या?’

‘हो.’

‘अब?’

‘आता बघू. ती वाटी ठेव आणि कपाटातला निळा पेन ड्राइव्ह दे.’

पुढे बायका गाणी म्हणत होत्या, पन्ह्याचे पेले फिरत होते, आणि मागे या दोघी. पेन ड्राइव्हवरून एकेक मशीन जागं करायचं, आत शिरायचं, अर्धवट सुटलेली कामं पुन्हा पुरी करायला लावायची. मशीन विचारी आणि जीजी म्हणत, ‘वाच गं.’ वहिनी इंग्रजी ओळ अडखळत वाचत. एकदा घाईनं त्यांचं बोट होकाराकडे गेलं आणि त्यांनी ते मागे घेतलं. ‘थांबा जीजी, हे वेगळं विचारतंय. ये तो कुछ निकालने का बोल रहा है.’ जीजींनी पाहिलं आणि नकार दिला. ते काढलं असतं तर मराठी टायपिंगच गेलं असतं, हे मला नंतर कळलं. दिवेलागणीच्या आत सगळी मशिनं उठली. वहिनींच्या साडीला हळद, कैरी आणि टेबलाखालची धूळ, सगळं लागलं होतं.

सकाळी मुली आल्या, फॉर्म भरले, गेल्या. झालेलं त्यांना कळलंही नाही. पुढच्या शुक्रवारी मी किल्ली घेऊन पोचलो तर वहिनी पायरीवर आधीच येऊन बसलेल्या.

त्या पावसाळ्यात जीजींबरोबर मी एकदा देवासला गेलो. त्यांचे दादा तिथे टेकडीखाली एकटे राहत. इंदुरात बस बदलून आम्ही देवासवरून पुढे सोनकच्छला जाणाऱ्या बसमध्ये चढलो. जागा होती, तरी जीजी दांडा धरून उभ्या.

‘मैडम, बैठ जाओ ना, सीट खाली है,’ कंडक्टर म्हणाला.

‘बैठने से बस जल्दी पहुँचेगी क्या भिया?’

दादांचा स्वभाव बहिणीच्या अगदी उलट. ‘चालू आहे ना? मग हात कशाला लावायचा?’ हे त्यांचं तत्त्व. जीजींनी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरही लिनक्सच घालून दिलं होतं, पण अपडेटची सूचना आली की दादा ती डास हाकलल्यासारखी बाजूला सारत. अखेर मुलाशी व्हिडिओवर बोलताना त्याचा चेहरा दिसेनासा झाला तेव्हा बहिणीला फोन केला, आणि तोही तक्रारीचा.

‘तू काहीतरी करून ठेवलंस.’

‘तू काहीच केलं नाहीस, दादा. म्हणून झालं हे.’

हात लावायच्या आधी जीजींनी त्यातले फोटो उतरवून घेतले. दादांच्या वारलेल्या बायकोचे शेवटच्या वर्षातले फोटो फक्त तेवढ्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. हे कळल्यावर दादा खुर्चीतून उठले आणि फोटो उतरेपर्यंत तेही जीजींच्या मागे येरझाऱ्या घालत राहिले. मला त्या दोघांकडे बघून हसू आलं आणि मी त्यांच्या वाटेतली माझी खुर्ची बाजूला ओढली.

मग अपडेट सुरू झालं आणि मशीन मधे थांबलं. जीजी वाकल्या. आणखी वाकल्या. नाक पडद्याला टेकेल इतक्या.

‘सुधाकर, काय म्हणतंय रे ते?’

पडद्यावरची अक्षरं जीजींनीच दुकानाच्या पाटीएवढी करून ठेवली होती. मी वाचून दाखवलं. त्यांनी हो म्हटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाचनालयातल्या काळ्या खिडकीतली अक्षरंही कधीपासून मोठी मोठी होत चालली होती, आणि दर शुक्रवारी ‘वाच गं’ चाललं होतं ते मंजिरीवहिनींना शिकवायला म्हणूनच नव्हे.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मी घाबरलोच.

‘काचबिंदू आहे,’ त्या म्हणाल्या. ‘गेलं ते परत येत नाही म्हणाले इंदूरचे डॉक्टर. राहिलंय ते टिकवायचं. मुलगी नाशिकला घेऊन जाते म्हणते. दिवाळीनंतर.’

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, ‘आणि मशिनं?’

‘तेच तर,’ असं म्हणून त्या उठल्या आणि इंदूर येईपर्यंत दांडा धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतरचे महिने जीजी फार वाईट वागल्या, हे सांगायलाच हवं. मुलींवर ओरडल्या. वायरी नीट असताना सोडून पुन्हा बांधल्या. मुळेसाहेबांकडे टेंटवाल्याची मागणी येऊन पडली होती, मागची खोली खुर्च्या-गाद्या ठेवायला हवी म्हणून. ते काही दुष्ट नव्हेत, पण बघणारं कोणी नसेल तर मशिनं भंगारात जातील, हे ते स्पष्ट म्हणाले. जीजींना रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं. मुख्य पासवर्ड घेऊन त्या नाशिकला गेल्या तर मशिनं मंदावत, साचत, बंद पडणार. भलत्याच्या हाती देऊन गेल्या तर त्याहून लवकर.

‘मला द्या,’ मी एकदा म्हणालो. आता वाटतं, धीरच झाला कसा.

‘तुला नको,’ जीजी लगेच म्हणाल्या. ‘तू चांगला आहेस रे. पण तू कोणालाही नाही म्हणू शकत नाहीस. कोणी येऊन विचारलं की तू सांगून मोकळा होशील.’

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर ओळखलंय.

दिवाळी झाली. जीजी जायच्या आधीचा शुक्रवार आला. त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते म्हातारीचं. इतक्या जुन्या मशिनांसाठी नवी अपडेटं येणं आता बंद झालं होतं. जीजींनी तिची नेटची वायर काढली, गुंडाळली आणि कपाटात ठेवली. ‘ही आता फक्त टायपिंगला,’ त्या म्हणाल्या. ‘दारं बंद ठेवली की घरातल्या घरात पुष्कळ चालेल.’ पडद्यावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली. मी पुस्तकांकडे जाऊन उगीच दोन-चार खालीवर केली.

मंजिरीवहिनी बाकीच्या मशिनांवर अपडेट करत होत्या. ओळी आपल्या आपण वाचत, ओठ हलवत, मग हो म्हणत. जीजी त्यांच्या मागे फेऱ्या मारत होत्या. भिंतीपर्यंत जायचं, यायचं, वायर चाचपायची, पुन्हा जायचं. अपडेट संपलं. तरी फेऱ्या चालूच. मुळेसाहेब येऊन दाराशी उभे राहिले. त्यांनाही उत्तर हवंच होतं.

मग जीजी थांबल्या. वाकून वहिनींच्या कानात काहीतरी म्हणाल्या. वहिनींचे डोळे मोठे झाले.

‘हा पासवर्ड जुना झाला,’ जीजी म्हणाल्या. ‘आता तू तुझा घाल. मला सांगू नकोस. ह्या सुधाकरलाही नको, आणि नवऱ्यालाही नको.’

आणि त्या खिडकीपाशी गेल्या. आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून, समोरच्या घराच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. पाठ फिरवली नसती तरी एवढ्या लांबून त्यांना एक अक्षर दिसलं नसतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. तरी मीही तोंड फिरवलं. मुळेसाहेबांनीही फिरवलं.

त्या काळ्या खिडकीत पासवर्ड घालताना पडद्यावर काही उमटत नाही. चांदण्या नाहीत, ठिपके नाहीत. पूर्वी वहिनींना वाटायचं की कीबोर्डच अडकला. आता नुसती टकटक ऐकू आली. मशिनानं पुन्हा एकदा मागितला. पुन्हा तीच टकटक, त्याच चालीनं. मी चोरून जीजींकडे पाहिलं. त्यांचा एक पाय सतत हलत असे, वर्गात, बसमध्ये, पंगतीत. तो हलत नव्हता.

‘झाला, जीजी.’

जीजी वळल्या नाहीत. ‘मंजिरी, देवीचा नाही ना गं ठेवलास?’

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्या पाठीकडे बघून म्हणाल्या, ‘नाही सांगणार.’

जीजींनी मान हलवली. मागे बांधलेले हात सोडले, वळल्या, चाचपत म्हातारीसमोरची खुर्ची ओढली आणि तिच्यात टेकून बसल्या.

‘चहा सांग रे सुधाकर,’ त्या म्हणाल्या. ‘बसून घेते आज.’